संरक्षण खरेदीतला जादा दर: तो कुठून शिरतो आणि कुठे अडवता येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लष्करी खरेदीला निविदा असते, सर्वात कमी दरवाल्याला काम मिळतं, वर अर्थ सल्लागार बसलेला असतो, नंतर कॅगचं ऑडिट होतं. एवढा बंदोबस्त असूनही शे-पाचशेची वस्तू काही हजारांना कशी पडते? आणि हे थांबवायचं तर नेमकं काय करायचं?

मी कॉस्ट अकाउंटंट. नोकरीचा बराचसा काळ दर ठरवणाऱ्या समित्यांमध्ये सरकारच्या बाजूने बसण्यात गेला. त्यामुळे नियमावलीत काय लिहिलंय यापेक्षा फायलीत काय घडतं ते सांगतो.

बहुतेकांना वाटतं की ठेकेदार बिलात घोळ करतो. तसं क्वचित होतं. बिल पास करणारा लेखा अधिकारी फक्त एवढंच पाहतो की बिलातला दर करारातल्या दराशी जुळतो का, आणि माल मिळाल्याची, तपासल्याची नोंद आहे का. दोन्ही जुळतात. कारण जादा पैसे करारातच लिहिलेले असतात, सही-शिक्क्यानिशी. करारात ते येतात वाटाघाटीतून, आणि वाटाघाटीत सरकारचा हात दगडाखाली सापडतो तो त्याच्याही आधी, दुसरा पुरवठादार उरलेला नसतो त्या दिवशी. म्हणून नंतरच्या ऑडिटवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. ते व्हायला हवंच, पण ते वरातीमागून घोडं आहे.

बूट, ब्लँकेट, तंबू, डबाबंद अन्न अशा मालात स्पर्धा खरी असते. तिथे धोका वेगळा. चार जण आपसात ठरवून दर भरतात. पैशापर्यंत जुळणारे दर, आळीपाळीने एल-१ (सर्वात कमी दरवाला) होणाऱ्या त्याच त्या कंपन्या, एकाच शहरातून एकाच दिवशी निघालेले बँक ड्राफ्ट, दोन निविदांमध्ये स्पेलिंगची तीच चूक, अशा खुणा तुलनात्मक तक्ता करणाऱ्या क्लार्कलाही दिसतात. रबरी तळाच्या अँकल बुटांच्या सरकारी दरकरारात असे मिळतेजुळते दर आल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये पुरवठादारांना दंड केला होता. कायदा आहे, दंड होतो. फक्त संशय आला की फाईल 'रिटेंडर' म्हणून फिरवण्याऐवजी आयोगाकडे पाठवायची सवय लागायला हवी. या भागाबद्दल एवढंच, कारण मोठा पैसा इथे जात नाही.

मोठा पैसा जातो सुट्या भागांत आणि पुनर्खरेदीत, म्हणजे तीच वस्तू पुन्हा घेण्यात. एखादं रडार, एखादं इंजिन, एखादं वाहन एकदा ताफ्यात आलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याचे सुटे भाग मूळ कंपनीकडूनच घ्यावे लागतात. त्यासाठी एक कागद लागतो: प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट, बोलीभाषेत पीएसी. ही वस्तू फक्त अमुकच कंपनी बनवते, दुसऱ्या कोणाची चालणार नाही, असं वापरकर्त्या खात्याने लिहून द्यायचं. त्यावर सही झाली की निविदा एकालाच जाते आणि एल-१ तोच होतो. मग अडला हरी म्हणजे काय ते समितीला कळतं. यंत्र बंद पडलेलं, वापरकर्त्याचे फोन चालू, आणि समोरचा शांतपणे म्हणतो, 'सर, ही कंपनीची प्राइस लिस्ट आहे.'

या कागदाकडे जरा जवळून पाहा. समजा हायड्रॉलिक पंपाच्या सील किटची मागणी आहे. किटमध्ये रबराचे सात-आठ ओ-रिंग, दोन बॅकअप रिंग, एक सर्क्लिप. पंप बनवणारी कंपनी यातलं काहीच बनवत नाही. ओ-रिंग ती सील बनवणाऱ्या कारखान्याकडून घेते, आपल्या पिशवीत भरते, आपला पार्ट नंबर चिकटवते. आपल्या मागणीपत्रावर तो पार्ट नंबर जातो, पीएसी त्याच नंबरावर निघतं, आणि बाजारात काही रुपयांना मिळणारी रिंग आपण कंपनीच्या दराने घेतो. खरा उत्पादक शोधणं फारसं अवघड नसतं. पार्ट्स कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा मूळ उत्पादकाचा कोड आणि त्याचा स्वतःचा नंबर छापलेला असतो, आणि मानकीकरण संचालनालयाच्या कोडिफिकेशनमधूनही, म्हणजे वस्तूंना दिलेल्या क्रमांकांच्या यादीतूनही, तीच वस्तू दुसऱ्या कुठल्या नावाने साठ्यात आहे का ते निघतं. हे तासाभराचं काम आहे. ते होत नाही, कारण पीएसीवर सही करणाऱ्याला 'हा भाग कंपनीने बनवलाय की फक्त विकलाय?' असं फॉर्म विचारतच नाही. मला एकच सुधारणा करायची मुभा दिली तर मी त्या फॉर्मात हा एक रकाना घालीन.

दुसरी गळती पुनर्खरेदीतली, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. दर वाजवी आहे की नाही ते ठरवायचा आपला आवडता मार्ग म्हणजे मागचा खरेदी दर, एलपीपी. तो घ्यायचा, दरवर्षी अमुक टक्के वाढ लावायची, आणि आलेला आकडा कंपनीच्या दराशी ताडून पाहायचा. फाईल स्वच्छ दिसते. आता आकडे घेऊ. पहिल्या वेळी १०० नग घेतले, नगाला ५ लाख. त्या ५ लाखांत साचे, जिग, चाचणीची उपकरणं यांचा एकवेळचा १ कोटीचा खर्च वाटलेला होता, म्हणजे नगामागे १ लाख. तीन वर्षांनी २०० नग हवेत. वर्षाला ५ टक्के धरून एलपीपी होतो ५ लाख ७९ हजारांच्या आसपास. कंपनीने ५ लाख ७५ हजार मागितले तर समिती खूश, 'एलपीपीपेक्षा कमी'. प्रत्यक्षात काय झालं? साच्यांचे पैसे आपण आधीच फेडलेले होते. ते पुन्हा दिले, तेही व्याजासकट आणि दुप्पट नगांवर. तुमच्या मान्य एलपीपीत केवळ त्या एका बाबीपोटी २ कोटी ३१ लाखांहून जास्त रक्कम बसलेली आहे. कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटं बोललं नाही.

यात अजून भर पडते ती हात बसण्याची. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्ये विमान कारखान्यातल्या अनुभवावरून मांडलं की एकूण नगसंख्या दुप्पट झाली की नगामागची मेहनत साधारण २० टक्क्यांनी उतरते. पहिल्याला १०० तास, तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१. प्रमाण उद्योगागणिक बदलतं, दिशा बदलत नाही. आपण मात्र पुनर्खरेदीत दर चढाच धरतो. महागाई मजुरीला लागते हे खरं, पण मजुरीचे तास घटत असतात हे त्या हिशेबात येतच नाही. आणि टक्केवारी लावायचीच तर ती साहित्याला साहित्याच्या निर्देशांकाने, मजुरीला मजुरीच्या निर्देशांकाने लावावी. संपूर्ण किमतीला, नफ्यासकट, एकच टक्का लावणं हा आळस आहे.

उपाय सरळ आहे. पहिल्याच करारात एकवेळचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घ्यायचा, आणि पुढच्या पाच-सात वर्षांच्या ऑर्डरचा दर तेव्हाच, स्पर्धा जिवंत असताना, बांधून घ्यायचा. सुट्या भागांचंही तसंच. कंपनी शिफारस केलेल्या भागांची यादी देते, ती दरासकट घ्यायची, ते दर काही वर्षं बांधलेले असले पाहिजेत, आणि एल-१ ठरवताना यंत्राच्या किमतीत त्या भागांची आणि देखभालीची किंमत मिळवायची. नाहीतर होतं असं: यंत्र तोट्यात दिलं जातं, एल-१ पटकावला जातो, आणि वसुली पुढची वीस वर्षं ब्रश, फिल्टर आणि कार्डांवर चालते. उत्पादनाची ड्रॉइंग विकत घ्यायचा पर्यायही तेव्हाच, वेगळ्या दराने मागायचा. नंतर मागितली तर कंपनी एकतर नाही म्हणते, नाहीतर असा आकडा सांगते की आपणच नाही म्हणतो.

आता बेंचमार्कबद्दल. आपल्याकडे भांडवली खरेदीत पद्धत अशी आहे की दराचं पाकीट उघडायच्या आधी वाटाघाटी समितीने आपला वाजवी दर स्वतः काढून नोंदवायचा. अतिशय चांगला नियम. पण तो दर कशावरून काढला हे कोणी विचारलं नाही तर त्याचा काय उपयोग? व्हीव्हीआयपी हेलिकॉप्टरच्या, नंतर २०१४ मध्ये रद्द झालेल्या, कराराबद्दल कॅगने २०१३ च्या अहवालात नेमकं हेच दाखवलं. कंपनीची मागणी ३,९६६ कोटींची होती आणि आपल्या समितीचा बेंचमार्क ४,८७० कोटींच्याही वर. विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याचा अंदाज नऊशे कोटींनी चढा! करार शेवटी ३,५४६ कोटींना झाला, म्हणजे कागदावर दणदणीत बचत. लाचेच्या आरोपांचं काय व्हायचं ते न्यायालयांत होईल. माझा मुद्दा एवढाच की अशा बेंचमार्कसमोर कुठलाही दर स्वस्तच दिसणार. बेंचमार्क खालून वर बांधला पाहिजे: साहित्य किती, तास किती, तासाचा दर किती, कारखान्याचा वरखर्च किती, नफा किती. जगात दुसऱ्या कोणी कितीला घेतलं हे फक्त पडताळणीसाठी.

खालून वर बांधतानाही ठेच लागते. ब्रिटनमधल्या फेरांटी या कंपनीचं प्रकरण आमच्या धंद्यात अजून सांगितलं जातं ते त्यासाठी. ब्लडहाउंड नावाचं विमानविरोधी क्षेपणास्त्र, ठरावीक किमतीचं कंत्राट. १९६४ मध्ये उघड झालं की कंपनीला खर्चाच्या सुमारे ८२ टक्के नफा झालाय. गंमत अशी की कंपनीने हिशेबाची वही खोटी केली नव्हती. सरकारच्या तांत्रिक माणसांनी मजुरीचे तास फार जास्त धरले होते. वरखर्च मजुरीच्या टक्केवारीत लावायची रीत, त्यामुळे मजुरीतली चूक वरखर्चाने काही पटींनी फुगली. तास एका विभागाने काढले, वरखर्चाचा दर दुसऱ्याने, आणि दोन्ही एकत्र ठेवून 'हे एवढं कसं?' असं कोणी विचारलंच नाही. चौकशी समिती बसली, कंपनीने ४२.५ लाख पौंड परत केले. त्यातून १९६८ मध्ये तिथे नियम आला तो असा की एकट्याला दिलेल्या कंत्राटात भाव ठरवताना दोन्ही बाजूंच्या हातात सारखी माहिती असली पाहिजे, आणि काम संपल्यावर खरा खर्च सरकारला पाहता आला पाहिजे. आज तिथे २०१४ च्या कायद्याने यासाठी स्वतंत्र नियामक आहे आणि तो नफ्याचा मूळ दर सुचवतो.

अमेरिकेचा मार्ग कायद्याचा. १९६२ च्या ट्रूथ इन निगोशिएशन्स कायद्याप्रमाणे ठरावीक रकमेवरच्या, स्पर्धा नसलेल्या कंत्राटात कंपनीला आपला खर्चाचा तपशील द्यावा लागतो, आणि तो अचूक, अद्ययावत व पूर्ण आहे असं प्रमाणपत्र सही करून द्यावं लागतं. पुढे तो खोटा निघाला तर किंमत मागे कापली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीने पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा आणि एका रडारच्या कंत्राटांत खर्चाची खोटी माहिती दिल्याच्या प्रकरणात ४२.८ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, ते अशाच सहीमुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे कायदा मूठ उघडायला लावतो.

पण त्याच कायद्यातलं भोक ट्रान्सडाइम या कंपनीच्या प्रकरणात दिसलं. ही कंपनी अशाच कंपन्या विकत घेते ज्या विमानांचे एकमेव सुटे भाग बनवतात. २०१९ मध्ये पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांनी तिचे ४७ भाग तपासले. त्यातल्या ४६ भागांवर नफा वाजवीपेक्षा जास्त, एकूण जादा नफा १ कोटी ६१ लाख डॉलर. ऑर्डर छोट्या छोट्या, जवळजवळ सगळ्या कायद्याच्या मर्यादेखाली, त्यामुळे खर्चाचा तपशील द्यायची सक्तीच नव्हती. कंपनीने पैसे परत केले ते संसदेच्या समितीसमोर झडती झाल्यावर, स्वखुशीने म्हणून. आणि मर्यादा? ती २०१८ मध्ये साडेसात लाख डॉलरवरून २० लाखांवर नेलेली होती, कागदपत्रं कमी व्हावीत म्हणून. आपल्याकडे अधिकारांच्या मर्यादा वाढवा, फायली वर पाठवू नका, अशी मागणी नेहमी होते. ती रास्तही आहे. पण एकाच पुरवठादाराकडून वर्षभरात घेतलेल्या सगळ्या छोट्या ऑर्डरची बेरीज कोणीतरी करायला हवी. मर्यादा ऑर्डरला न लावता पुरवठादाराला लावली तर हे भोक बुजतं.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक हास्यास्पद आकडा म्हणजे चोरी नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या ४३५ डॉलरच्या हातोड्यावरून जगभर थट्टा झाली. हातोडा पंधराएक डॉलरचाच होता. कंपनीने अभियांत्रिकी वगैरेचा वरखर्च कंत्राटातल्या प्रत्येक बाबीवर समसमान वाटला, त्यामुळे महागड्या उपकरणावर जेवढा बोजा पडला तेवढाच हातोड्यावर. एकूण रक्कम तीच राहिली असती. उलट पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांच्या २०२४ च्या अहवालातलं सी-१७ विमानाच्या स्वच्छतागृहातलं साबणाचं भांडं घ्या: बाजारातल्या तशाच भांड्याच्या ८० पटींहून जास्त दर, आणि तिथे हवाई दलाने बाजारभाव पाहिलाच नव्हता. आकडा ऐकून चिडण्याआधी तो कसा बनला ते विचारावं. वर्तमानपत्रांना पहिली जात आवडते, नुकसान दुसरीने होतं.

आपल्या सरकारी कारखान्यांचं दुखणं आणखी निराळं. तिथे बरंच काम नामनिर्देशनाने, म्हणजे निविदेशिवाय थेट नेमून, मिळत आलंय आणि बराच काळ खर्च अधिक नफा या पद्धतीने पैसे मिळत. नफा खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च कमी करणाऱ्याचा नफा घटतो. यावर आणखी काय बोलायचं? मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या प्रोजेक्ट १५-ए च्या तीन विनाशिकांची मंजूर किंमत ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेली. रशियाकडून पोलाद उशिरा आलं, शस्त्रं आणि सेन्सर कुठले ते मागाहून ठरलं, वेतनवाढ आली. कारणं खरी होती आणि त्यातली बरीच गोदीच्या हातात नव्हती. पण खर्च वाढला तरी कोणाच्याच खिशाला चटका बसत नव्हता. आणि आराखडा पक्का नसताना काम सुरू केलं की दर बांधता येत नाही, याचा दोष घेणाऱ्याकडे जातो.

घेणाऱ्याच्या दोषांत मागणीपत्रही येतं. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर २०१५ मध्ये म्हणाले होते की आपल्या काही गुणवत्ता-अटी कॉमिक्सच्या पुस्तकातून उचलल्यासारख्या असतात. ऐकायला गमतीचं, पण दराच्या दृष्टीने ते फार गंभीर वाक्य आहे. अट जेवढी अचाट तेवढे ती पुरी करणारे कमी, आणि एकच उरला की पुढची सगळी कहाणी वर सांगितलीच. तीच गत मार्चची. ३१ मार्चच्या आत पैसे खर्ची पडले पाहिजेत हे विक्रेत्याला आपल्या समितीइतकंच ठाऊक असतं. फेब्रुवारीत तो 'मुख्यालयाला विचारून सांगतो' म्हणतो आणि २५ मार्चला मूळ दर घेऊन परत येतो.

इंटेग्रिटी पॅक्टबद्दल बऱ्याच जणांना आशा असते. तो करार लाच, दलाल यांच्याविरुद्ध आहे; दर वाजवी आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. 'फॉल क्लॉज' मात्र दराशी थेट निगडित आहे: हाच माल तू दुसऱ्याला कमी दराने विकलास तर आम्हालाही तोच दर. कलम उत्तम, पण त्यावर विक्रेत्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्राखेरीज काहीच मागितलं जात नाही. निदान मागच्या वर्षभराची इतर ग्राहकांना दिलेली बीजकं मागा, सनदी लेखापालाच्या सहीनिशी. चांगल्या कंपन्या देतात. न देणाऱ्याच्या दरात काय आहे ते तिथेच कळतं.

माझ्या मते आपल्याकडे सर्वात जास्त उणीव माणसांची आहे. समोर बसलेला विक्रेत्याचा माणूस तीच वस्तू वीस वर्षं विकतोय. आपल्या बाजूचा अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी आलाय, विषय कळेपर्यंत बदलीचा हुकूम येतो. खर्चाचा हिशेब कळणारी माणसं मोजकी, ती मोठ्या प्रकरणांत अडकलेली, आणि सुट्या भागांच्या हजारो फायलींना एलपीपीशिवाय कोणी वाली नाही. प्रत्येक मोठ्या डेपोत दोन कॉस्ट अकाउंटंट आणि एक कारखान्यात हात काळे केलेला अभियंता, पाच वर्षांसाठी, फक्त दरांच्या कामाला बसवा. त्यांचा पगार पहिल्याच सील किटांमधून निघेल.

तुम्ही शेवटी विचारलंय की बाहेरच्या माणसाने काय पाहावं. संसदेत मांडलेल्या कॅगच्या संरक्षणविषयक अहवालांत 'दराचा वाजवीपणा' आणि 'बेंचमार्क' हे शब्द शोधा आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी मंत्रालयाचं उत्तर वाचा. 'दर एलपीपीशी तुलना करून वाजवी ठरवला' एवढंच उत्तर असेल, तर त्या खरेदीत साच्यांचे पैसे किती वेळा दिले गेले ते कोणी तपासलेलं नाही असं खुशाल धरून चाला.